विद्येची वाटणी

वाड्याची वाटणी झाली म्हणजे प्रत्येक भावाच्या पदरी चार खण येतात. मधला चौक मात्र कोणाचाच राहत नाही. तो झाडावा कोणी, त्यात दिवा लावावा कोणी, हे प्रश्न मग पडून राहतात. आपल्या विद्यापीठांतील विद्येची अवस्था काहीशी अशीच झालेली आहे. कायद्याचे महाविद्यालय एका बाजूस, समाजकार्याचे दुसऱ्या बाजूस, संगीताचा वर्ग तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यात, आणि अरबी-फारसीचा विभाग शिल्लक असलाच तर तो पुढच्या वर्षी राहील की नाही या चिंतेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विद्याशाखांमधील या भिंती पाडण्याचा उच्चार केला आणि विद्यार्थ्याला अन्य शाखांतील विषय घेण्याची मुभा दिली, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. तथापि मुभा मिळणे निराळे आणि त्या दोन विषयांचा एकमेकांशी काय संबंध आहे हे उमगणे निराळे. वेळापत्रकात दोन विषय शेजारी आले म्हणून ते विद्यार्थ्याच्या मनात शेजारी येतातच असे नाही.

म्हणून एक प्रश्न मुळातून विचारणे आवश्यक वाटते. कायदा, पीडितांची सेवा, संगीत आणि अरबी विद्या ही चार नावे एका ओळीत उच्चारली तर ऐकणारा हसेल. या चार विषयांचा परस्परांशी काय संबंध, असे तो विचारील. या लेखाचे म्हणणे असे आहे की तो संबंध केवळ कल्पनेतला नसून आपल्या मुंबई इलाख्यात, एकाच कुटुंबसमूहात, दोन-तीन पिढ्या तो प्रत्यक्ष नांदत होता. आणि जेथे तो तुटला तेथे त्याची किंमत ग्रंथपालांना नव्हे, तर विधवांना आणि पोरक्या मुलांना मोजावी लागली.

श्रमविभागणीचा हिशेब

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने विद्येच्या विभागणीविरुद्ध बोलावे हे काहींना विचित्र वाटेल. अ‍ॅडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात टाचणीच्या कारखान्याचे उदाहरण देऊन श्रमविभागणीचा महिमा गायिला, तो आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. परंतु त्याच ग्रंथाच्या शेवटल्या भागात स्मिथने असाही इशारा दिला आहे की, ज्याचे सारे आयुष्य दोन-चार साध्या क्रिया करण्यात जाते त्याची बुद्धी मंदावते, आणि हे टाळण्यासाठी शासनाने शिक्षणाकडे लक्ष दिले पाहिजे. हा भाग परीक्षेत येत नाही, म्हणून विद्यार्थ्यांच्या ध्यानात राहत नाही. स्मिथ स्वतः नीतिशास्त्राचा प्राध्यापक होता, त्याने न्यायशास्त्रावर व्याख्याने दिली, आणि त्याच्या मृत्यूनंतर १७९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधांत संगीताचीही चर्चा आहे. अर्थशास्त्राचा जनक म्हणून ज्याला आपण मानतो तो आजच्या कसोटीने धड अर्थशास्त्रज्ञ ठरला नसता.

स्मिथच्या चारशे वर्षे आधी श्रमविभागणीचा विचार अरबी भाषेत मांडणारा आणखी एक पुरुष होऊन गेला. इब्न खल्दून हा १३३२ मध्ये ट्यूनिस येथे जन्मलेला पंडित पुढे कैरो येथे मालिकी पंथाचा काझी, म्हणजे न्यायाधीश झाला. त्याचा ‘मुकद्दिमा’ हा ग्रंथ इतिहास, अर्थकारण आणि समाजशास्त्र यांचा एकत्र विचार करतो. एकटा मनुष्य आपल्या पोटापुरते धान्यही सिद्ध करू शकत नाही. नांगर, चूल, भांडी यांसाठी अनेकांचे हात लागतात, येथपासून तो आरंभ करतो. या ग्रंथातील कारागिरीच्या प्रकरणात गायनकलेवर एक स्वतंत्र भाग आहे. तेथे हा न्यायाधीश म्हणतो त्याचा आशय असा की, समाज भरभराटीस आला म्हणजे सर्वांत शेवटी जी कला येते ती गायनाची, आणि समाज उतरणीला लागला म्हणजे सर्वांत आधी जी नाहीशी होते तीही गायनाचीच. महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकात काटछाट करण्याची वेळ आली असता प्रथम कोणत्या विभागावर नजर जाते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या काझीच्या निरीक्षणाचे मोल निराळे सांगावयास नको.

भाषा न जाणणारा कायदा

विद्येची वाटणी झाली की नुकसान कसे होते याचे एक ठळक उदाहरण आपल्याच देशाच्या न्यायालयांत घडले. वॉरन हेस्टिंग्जच्या काळात असे ठरले की, वारसा, विवाह इत्यादी बाबतींत हिंदूंना हिंदूंचे आणि मुसलमानांना मुसलमानांचे शास्त्र लावावे. आता शास्त्र होते अरबीत आणि न्यायाधीश होते इंग्रज. म्हणून बाराव्या शतकातील ‘हिदाया’ या हनफी ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर चार्ल्स हॅमिल्टनने १७९१ साली प्रसिद्ध केले. परंतु ते मूळ अरबीवरून नव्हे, तर मौलवींकडून करवून घेतलेल्या फारसी रूपांतरावरून केलेले होते. म्हणजे अरबीचे फारसी, फारसीचे इंग्रजी, आणि त्या इंग्रजीवर इंग्रज न्यायाधीशाचा न्याय! दोन वेळा गाळलेल्या या पाण्यात मूळ रस किती उतरला असेल याची कल्पना करता येते.

याचा परिणाम १८९४ मधील एका प्रसिद्ध निवाड्यात दिसून आला. बंगालमधील दोन भावांनी आपली मिळकत वक्फ केली होती. उत्पन्न पिढ्यान्‌पिढ्या वंशजांना मिळावे आणि वंश खुंटल्यास विधवा, अनाथ, भिक्षेकरी व गरीब यांच्याकडे जावे, अशी तजवीज होती. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने हा वक्फ रद्दबातल ठरविला. गरिबांचा हक्क इतक्या दूरवर ढकललेला असताना याला धर्मादाय म्हणणे हा केवळ देखावा होय, असे तिचे मत पडले. इंग्रजी कायद्याच्या चौकटीत हे तर्कशुद्धच होते. परंतु अरबीतील ‘सदका’ या शब्दाचा व्याप इंग्रजीतील धर्मादायापेक्षा मोठा आहे. आपल्या गरजू आप्तांना देणे हाही त्या परंपरेत दानाचाच एक प्रकार मानलेला आहे. कलकत्त्याचे न्यायमूर्ती अमीर अली यांनी हा मुद्दा मूळ वचनांच्या आधारे दोन वर्षे आधीच्या एका खटल्यात मांडला होता, पण तो टिकला नाही. अखेर १९१३ मध्ये मुंबईचे बॅरिस्टर जिना यांनी मांडलेल्या विधेयकाने कायदा करून असे वक्फ वैध ठरवावे लागले. एका शब्दाच्या अर्थावरून कुटुंबांच्या मिळकती एकोणीस वर्षे टांगणीला लागल्या.

दुसरे उदाहरण याहून हृदयस्पर्शी आहे. ज्या स्त्रीचा नवरा परागंदा झाला आहे, जिवंत आहे की मेला याचा पत्ता नाही, तिने किती काळ वाट पाहावी? हनफी शास्त्रकारांच्या जुन्या मतानुसार नवऱ्याच्या वयाची माणसे मरून जाईपर्यंत, म्हणजे व्यवहारात तिचे सारे आयुष्य. हिंदुस्थानातील बहुसंख्य मुसलमान हनफी असल्यामुळे न्यायालये हाच नियम लावीत. या कोंडीतून सुटण्यासाठी काही स्त्रियांनी धर्मत्याग करून विवाह तोडण्याचा मार्ग पत्करला. तेव्हा मौलाना अशरफ अली थानवी यांच्यासारख्या परंपरानिष्ठ विद्वानाने मदिनेच्या मालिकी मुफ्तींशी पत्रव्यवहार केला आणि मालिकी ग्रंथांत या प्रश्नाचे उत्तर शोधले. तेथे मुदत होती चार वर्षांची. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद अधिनियमात, नवऱ्याचा चार वर्षे ठावठिकाणा नसल्यास पत्नीला विवाह रद्द करून मागता येईल, असे पहिलेच कलम आहे. त्यातील ‘चार’ हा आकडा कोणा सचिवालयातून आलेला नाही. तो अरबी ग्रंथाच्या पानावरून आलेला आहे.

या दोन उदाहरणांचा अर्थ एकच. दुःख मनुष्याच्या वाट्याला येते तेव्हा ते विद्याशाखा पाहून येत नाही. परित्यक्तेचा प्रश्न एकाच वेळी कायद्याचा असतो, भाषेचा असतो आणि करुणेचाही असतो. करुणा आहे पण ग्रंथ वाचता येत नाही, तर उपाय सापडत नाही. ग्रंथ येतो पण करुणा नाही, तर उपाय शोधावासाच वाटत नाही. आणि दोन्ही असून कायदा येत नसेल, तर सापडलेला उपाय कागदावरच राहतो.

एक मुंबईकर कुटुंबसमूह

ज्यांच्या घरात या तिन्ही गोष्टी एकत्र नांदल्या, आणि चौथी गोष्ट म्हणजे संगीतही, ते तय्यबजी-फैजी हे मुंबईतील सुलेमानी बोहरा पंथाचे, परस्परांत सोयरिकी असलेले कुटुंबसमूह. मूळ व्यापारी वृत्तीचे. यांतील बद्रुद्दीन तय्यबजी यांचे नाव मराठी वाचकास अपरिचित नसावे. ते १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले. मुंबई उच्च न्यायालयात बॅरिस्टर म्हणून उभे राहणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. १८८७ मध्ये मद्रास येथील तिसऱ्या काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. तत्पूर्वी १८७४ मध्ये स्थापन झालेल्या अंजुमन-इ-इस्लामच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. महाराष्ट्राने त्यांचे स्मरण ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून लोकमान्य टिळकांना अटक झाली आणि जामिनाचे अर्ज फेटाळले गेले, तेव्हा ऑगस्टमध्ये पुन्हा केलेल्या अर्जावर त्यांना जामीन मंजूर करणारे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी हेच होत. टिळकांचे राजकारण त्यांना मानवत होते असे नाही. कायदा काय म्हणतो एवढेच त्यांनी पाहिले. पण त्या दिवसांत एवढे पाहण्यासाठीही धैर्य लागत होते.

त्यांचे पुतणे अब्बास तय्यबजी बडोदे संस्थानात न्यायाधीश होते. इंग्रजी वळणाची राहणी, इंग्रजी राज्याविषयी सद्भाव, असे त्यांचे पूर्वायुष्य. १९१९ मध्ये जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर काँग्रेसने पंजाबच्या चौकशीसाठी जी समिती नेमली तिच्यात गांधीजी, चित्तरंजन दास आणि आपले बॅ. मुकुंदराव जयकर यांच्याबरोबर हे निवृत्त न्यायाधीशही होते. समितीने १,७०० हून अधिक लोकांच्या जबान्या तपासल्या. जबानी घेणे, ती पारखणे, अतिशयोक्ती बाजूस सारणे हे न्यायाधीशाचे काम. परंतु त्या जबान्यांतून जे समोर आले त्याने हा न्यायाधीश मुळापासून बदलला. १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर धारासणेच्या मिठागरावरील सत्याग्रहाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले आणि वयाच्या ७६ व्या वर्षी ते तुरुंगात गेले. पीडितांची सेवा म्हणजे केवळ अन्नवस्त्र वाटणे नव्हे. काय घडले याची नोंद पुराव्याला टिकेल अशी करणे, ही देखील सेवाच आहे, आणि ती कायदा जाणणाऱ्यानेच करावयाची असते, हे या प्रकरणावरून दिसते.

अब्बास तय्यबजींच्या दोन कन्यांनी दोन निराळ्या वाटा धरल्या. शरीफा हमीद अली यांनी अखिल भारतीय महिला परिषदेत काम करताना मुसलमान वधूच्या हिताचे रक्षण होईल असा नमुन्याचा निकाहनामा तयार केला. मुसलमानी विवाह हा करार असल्यामुळे त्या करारातच अटी घालता येतात, हे शास्त्राचे ज्ञान त्यांनी स्त्रीच्या हाती देऊ पाहिले. १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रियांच्या दर्जाविषयक आयोगाच्या पहिल्या पंधरा सदस्यांत त्या भारताच्या प्रतिनिधी होत्या. धाकट्या रेहाना तय्यबजींची वाट सुरांची. तिच्याकडे पुढे वळू.

या समूहातील खरा अरबी पंडित म्हणजे आसफ अली असगर फैजी. १८९९ मध्ये आपल्या माथेरान येथे त्यांचा जन्म झाला. केंब्रिजला अरबी-फारसीचे अध्ययन, त्याचबरोबर बॅरिस्टरी, मग मुंबई उच्च न्यायालयात वकिली, आणि १९३८ ते १९४७ या काळात मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद. न्यायालयात शिया म्हटले की बारा इमाम मानणाऱ्या बहुसंख्य शाखेचे ग्रंथ प्रमाण धरले जात. बोहरांचा स्वतःचा जो प्रमाणग्रंथ, दहाव्या शतकात काझी नुअमान यांनी फातिमी खलिफांच्या राज्यात रचलेला ‘दआइमुल इस्लाम’, तो केवळ हस्तलिखितांत होता आणि ती हस्तलिखिते खाजगी पेट्यांत होती. ज्या ग्रंथावर लोकांचे वारसाहक्क अवलंबून तोच न्यायाधीशाच्या दृष्टीआड! फैजींनी प्रथम त्यातील मृत्युपत्रांचे प्रकरण १९३३ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून १९४९ ते १९५१ या काळात ते ईजिप्तमध्ये होते; संपूर्ण ग्रंथाच्या त्यांच्या संशोधित आवृत्तीचा पहिला खंड १९५१ मध्ये कैरोलाच छापला गेला आणि दुसरा सुमारे दहा वर्षांनी. त्यांचे इंग्रजी भाषांतर त्यांच्या १९८१ मधील निधनानंतर, इस्माईल पूनावाला यांनी संस्कारून, २००२ आणि २००४ मध्ये प्रसिद्ध केले. आपल्या संग्रहातील इस्माइली हस्तलिखिते त्यांनी मुंबई विद्यापीठास देऊन टाकली. त्यांचे मुसलमानी कायद्यावरील १९४९ चे पाठ्यपुस्तक विधी महाविद्यालयांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले आहे.

मराठी वाचकास या चरित्रातून दुसरे एक चरित्र आठवल्यावाचून राहणार नाही. म. म. पांडुरंग वामन काणे हेही मुंबईचे वकील, त्याच विधी महाविद्यालयातील अध्यापक, आणि ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या पंचखंडात्मक ग्रंथाचे कर्ते. संस्कृत काव्यशास्त्रातही त्यांचा अधिकार मोठा. एकाने संस्कृतातून आणि दुसऱ्याने अरबीतून, परंतु दोघांनीही एकच गोष्ट केली: परंपरेचा मूळ कागद न्यायालयासमोर आणि समाजासमोर उघडा केला. जे मूळ वाचू शकतात त्यांनाच परंपरेत बदल सुचविण्याचा धीर होतो. आणि परंपरेच्या नावावर खपविलेले काय आहे, हेही त्यांनाच सांगता येते.

सुराचे स्थान

येथवर वाचणारा म्हणेल की कायदा, सेवा आणि अरबी यांचा सांधा कळला, पण संगीताचे काय? ते तर श्रीमंतांच्या दिवाणखान्यातील शोभेचे. ही शंका योग्य आहे आणि तिचे उत्तर रेहाना तय्यबजींच्या आयुष्यात सापडते.

रेहानाबेनचा कंठ गोड होता आणि कृष्णभक्तीची पदे त्या तन्मयतेने गात. १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजी त्यांना उर्दूत पत्रे लिहीत आणि त्या ती सुधारून पाठवीत. पुढे सेवाग्रामच्या आश्रमात त्या राहिल्या असताना आश्रमाच्या प्रार्थनेत कुराणातील अरबी आयतींचा समावेश झाला तो त्यांच्या सूचनेवरून. उपनिषदातील मंत्र, भजन आणि अरबी आयत ही एकाच बैठकीत, एकाच लयीत उच्चारली जाऊ लागली. १९४७ मध्ये दिल्लीतील सायंप्रार्थनेत या आयतींना हरकती घेतल्या गेल्या. निर्वासितांच्या मनातील जखमा ताज्या होत्या. ज्या भाषेशी त्यांनी भोगलेल्या अत्याचारांची आठवण जडली होती ती कानावर पडणेही त्यांना असह्य वाटत होते. गांधीजींनी प्रार्थना थांबविली, पण आयत गाळून उरलेली प्रार्थना करण्याचे नाकारले. प्रार्थना होईल तर पूर्ण होईल, असा त्यांचा आग्रह होता.

या प्रसंगाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. निर्वासितांना अन्न, तंबू आणि कांबळी देणे हे मदतीचे काम होते. त्यांच्या मिळकतीच्या भरपाईची व्यवस्था करणे हे कायद्याचे काम होते. परंतु भरपाई मिळाली तरी शेजाऱ्याच्या भाषेची जी भीती मनात बसते ती कोणत्या अधिनियमाने घालवावयाची? ती कानावाटे आत गेलेली असते आणि कानावाटेच बाहेर काढावी लागते. सुराचे हे स्थान आहे. तो दुःखाचे निवारण करीत नाही. पण दुःखानंतर माणसांना पुन्हा एकत्र बसता येईल एवढी जागा करून देतो. ती जागा दरवेळी मिळतेच असे नाही, हेही १९४७ ने दाखविले.

फैजी शाखेतील अतिया फैजी यांनी १९१४ मध्ये लंडनहून हिंदुस्थानी संगीतावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांची बहीण नाझली ही आपल्या कुलाबा जिल्ह्यालगतच्या जंजिऱ्याची बेगम. मराठी मुलखात याच काळात पंडित विष्णु नारायण भातखंडे हे वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झालेले गृहस्थ वकिली सोडून रागरागिण्यांचे दप्तर लावीत होते. उस्तादांच्या घरी जाऊन, जबानी घ्यावी तशा चिजा मिळवाव्या, त्यांची छाननी करावी, वर्गवारी करावी, आणि मग ग्रंथ सिद्ध करावा, ही त्यांची पद्धती संगीतकाराइतकीच वकिलाची होती. विद्या एका घरातून दुसऱ्या घरात अशी न सांगता जात असते.

आपल्या तोंडची अरबी

अरबी ही आपल्याला परकी, हा समजही तपासून पाहण्याजोगा आहे. सकाळी कचेरीत जाणारा कारकून अर्ज घेतो, दाखला देतो, तारीख टाकतो, मुदत वाढवितो, बाकी वसूल करतो, महसुलाचा हिशेब जमेस धरतो आणि नक्कल काढून ठेवतो. यांतील जवळजवळ प्रत्येक नाम फारसीच्या मार्गाने अरबीतून आलेले आहे. वकील, जामीन, वारस, मालक, हद्द हे शब्द तेथलेच. आम्ही अर्थशास्त्र शिकवितो त्यातील किंमत, नफा, रक्कम आणि दलाल हेही तेथलेच. संध्याकाळी हाच कारकून तबल्याच्या साथीने ख्यालाची मैफल ऐकतो. या तिन्ही शब्दांचे मूळ अरबी आहे. एवढेच नव्हे, मराठ्यांच्या पराक्रमाचा पोवाडा गाणारा शाहीर हा अरबी ‘शाइर’ आणि त्याच्या हातातील डफ हाही अरबी ‘दफ्फ’. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारातील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय सुचविणारा कोश करविला आणि माधव जूलियन यांनी १९२५ मध्ये फार्शी-मराठी कोश सिद्ध केला. या दोन कोशांचे हेतू परस्परविरुद्ध. पण हे शब्द आपल्या घरात किती खोलवर शिरले होते याची साक्ष दोघेही देतात.

दोन शब्दांकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. ‘मदत’ आणि ‘हक्क’ हे दोन्ही अरबी. मदत देणाऱ्याच्या मर्जीवर असते, हक्क मागणाऱ्याच्या हाती असतो. समाजकार्याचे शिक्षण आपल्याला मदत शिकविते आणि कायद्याचे शिक्षण हक्क शिकविते. परंतु मदतीचे हक्कात रूपांतर केव्हा आणि कसे करावे, हे शिकविणारा वर्ग दोन्ही महाविद्यालयांत नाही. आणि ‘गरीब’ या शब्दाचा अरबीतील मूळ अर्थ निर्धन असा नसून परका, परदेशी असा आहे. ज्याचे या गावात कोणी नाही तो गरीब! दारिद्र्यरेषेच्या व्याख्या वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिणाऱ्या अध्यापकास हा एक शब्द पुष्कळ शिकवून जातो.

आक्षेप आणि उपाय

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येईल. तय्यबजी आणि फैजी ही सधन कुटुंबे होती. व्यापाराचा पैसा, विलायतेचा प्रवास, घरी ग्रंथसंग्रह आणि पोटाची चिंता नसल्यामुळे मिळणारा अवकाश, हे ज्यांना लाभले त्यांनी चार विद्या कमावल्या यात नवल ते काय? ज्या विद्यार्थ्याला पदवी घेताच घर चालवावयाचे आहे त्याला अरबी आणि संगीत शिकण्याचा उपदेश करणे क्रूरपणाचे होईल.

हा आक्षेप मान्य करूनच पुढे जावयास हवे. प्रत्येकाने सर्व काही शिकावे असे येथे कोणी म्हणत नाही. चार विषयांचे चार घास कोंबून पोट भरत नाही. फैजींनी अरबी वरवर शिकली असती तर ती हस्तलिखिते त्यांच्यासमोर मुकीच राहिली असती. एका विद्येत खोलवर उतरणे आणि शेजारच्या विद्येचे दार ठोठावण्याइतपत तिची ओळख असणे, एवढीच अपेक्षा आहे. आणि जो अवकाश सधन घराने आपल्या मुलांना दिला तोच अवकाश इतरांच्या मुलांना देण्यासाठी तर समाजाने करातून विद्यापीठे उभारली. खाजगी संपत्तीने जे थोड्यांना दिले ते सार्वजनिक संस्थेने पुष्कळांना द्यावे, हाच सार्वजनिक शिक्षणाचा मूळ करार आहे. तो मोडला तर या विद्या नाहीशा होणार नाहीत. त्या पुन्हा धनिकांच्या दिवाणखान्यात जातील.

दुसरा प्रश्न हिशेबाचा. ज्या विभागात पाच-सात विद्यार्थी आहेत त्याचा दरडोई खर्च अधिक दिसतो, हे खरे. परंतु अशा विभागाचा लाभ त्याच्या वर्गात बसलेल्या पाच-सातजणांपुरता मर्यादित नसतो. मोडी जाणणारा एक मनुष्य तालुक्यात असला तर शेकडो कुटुंबांच्या जमिनींचे कागद वाचले जातात. तसेच अरबीचे आणि तसेच प्रत्येक दुर्मिळ विद्येचे. अशा विद्येचा खर्च एका खात्यावर पडतो आणि लाभ सर्व समाजात विखुरतो, म्हणून बाजाराच्या हिशेबात ती नेहमीच तोट्याची दिसते. अर्थशास्त्रात ही गोष्ट नवी नाही. विद्यापीठांच्या वित्त समित्यांत मात्र ती अजून नवी असावी.

उपाय फार खर्चाचे नाहीत. एका शहरातील पाच महाविद्यालयांनी मिळून अरबीचा, फारसीचा, मोडीचा किंवा संगीताचा एक अध्यापक ठेवावा आणि विद्यार्थ्यांना कोणत्याही महाविद्यालयातून तेथे जाता यावे. कायद्याच्या विद्यार्थ्याला एका वर्षी मूळ भाषेतील एक छोटे प्रकरण, मग ते संस्कृत असो की अरबी, जाणकाराच्या साह्याने वाचावयास लावावे. म्हणजे भाषांतरावर विसंबून न्याय देण्यातील धोका त्याला कळेल. समाजकार्याच्या विद्यार्थ्याला जबानी लिहून घेण्याचे शिक्षण वकिलाकडून द्यावे. आखातात नोकरीस जाणाऱ्या रत्नागिरी-रायगडच्या तरुणाला निघण्यापूर्वी कामचलाऊ अरबी आणि आपल्या करारातील हक्क यांची एकत्र माहिती मिळाली, तर त्याच्या बाबतीत भाषा, कायदा आणि मदत या तिन्ही विद्यांचा संगम दोन महिन्यांच्या वर्गात होईल. ज्या कागदावर सही करावयाची तो आपल्याला वाचता येत नाही, ही स्थिती १७९१ मधील न्यायाधीशाची होती आणि आजच्या अनेक कामगारांचीही आहे. न्यायाधीशाच्या चुकीचे फळ दुसऱ्यांनी भोगले. कामगाराला ते स्वतः भोगावे लागते.

इब्न खल्दूनने सांगितलेली उतरण गायनापासून सुरू होते, पण ती तेथे थांबत नाही. आधी संगीताचा वर्ग बंद होतो आणि कोणी हळहळत नाही. मग जुन्या भाषेचा वर्ग बंद होतो आणि थोडेजण हळहळतात. मग एके दिवशी न्यायालयात एक विधवा जुना कागद घेऊन उभी राहते आणि तो वाचणारा कोणी उरलेला नसतो. त्या वेळी हळहळून उपयोग नाही. पुढच्या अंदाजपत्रकाची बैठक ज्या ज्या महाविद्यालयांत भरेल तेथील सभासदांनी कोणत्याही छोट्या विभागावर काट मारण्यापूर्वी एवढाच विचार करावा, की आपण एक वर्ग बंद करीत आहोत, की उद्या दाद मागण्यास येणाऱ्या कोणा माणसाचा मार्ग बंद करीत आहोत.